उतरवून घ्यायला माणूस

भाकरीचं पीठ मळत होते, तेवढ्यात गल्लीतून हाक आली, "इंदू!" आणि ती हाक तशीच पुढं निघून गेली. माणूस हाक मारतो तेव्हा एका जागी उभा राहून मारतो. ही हाक पळत होती. मला वाटलं भास झाला. पुन्हा पिठात हात घालते तोच उलट्या बाजूनं आली, "इंदू, बाहेर ये की!" आणि पुन्हा गेली.

पिठाच्या हातांनी फाटकाशी धावले. बघते तर आमचे हे सायकलवर. अंगात बनियन, पायात घरातल्या सपाता. गल्लीच्या टोकाच्या लिंबाच्या झाडापर्यंत जात होते, वळत होते, पुन्हा फाटकासमोरून जात होते. आणि चेहऱ्यावर हसू. वर्षभरात ते हसू मी बघितलं नव्हतं.

"अहो, थांबा की!"

"थांबता आलं असतं तर तुला हाक कशाला मारली असती?" एवढं बोलून हे पुढं गेले. उरलेलं वाक्य परत येताना म्हणाले, "पाय खाली टेकवता येईना. धर मला!"

मी बरोबरीनं धावले, खांद्याला धरलं, आणि आम्ही दोघं सायकलीसकट मोहित्यांच्या मेंदीच्या कुंपणात गेलो. मोहितेवहिनी खिडकीतून बघत होत्या. त्यांना काय बघायला मिळालं असेल ते असो. हे मेंदीत पडल्या पडल्या हसत होते आणि माझ्या हातातलं पीठ ह्यांच्या केसांना लागलं होतं.

हे सगळं नीट सांगायचं तर ह्यांच्या आजारापासून सांगायला हवं. हणमंत काळंगे सर म्हणजे साताऱ्याच्या आयटीआयमधले फिटरचे निदेशक. अर्ध्या एमआयडीसीतली पोरं ह्यांच्या हाताखालून गेलेली. लोखंडाचा तुकडा नुसत्या बोटांनी चाचपून किती जास्त घासलाय ते सांगायचे. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्याच हाताला कंप सुटला. पार्किन्सन. हात थरथरतो ते एकवेळ चालतं. पण पाय! पाय जमिनीला चिकटतात. उंबऱ्यापाशी आले की उभेच्या उभे राहायचे, जणू कुणी खिळे ठोकलेत. मी फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या. पट्टी दिसली की ती ओलांडायला पाय उचलतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत आमच्या घरात लंगडीचा डाव आखल्यासारखं दिसायचं.

असा माणूस त्या दिवशी मी कामात असताना ओट्याच्या पायरीवरून सायकलवर बसला होता. आणि सायकल चालली. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "होतं असं काही जणांचं. पाय चालायचं विसरतात, सायकल विसरत नाहीत. फक्त चढताना-उतरताना सांभाळा."

आता एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, बरं झालं, गल्लीत फिरा. पण ह्यांच्या डोक्यात कन्याकुमारी होती. लग्न झालं तेव्हापासूनची. सायकलवरून साताऱ्याहून निघायचं आणि जमीन संपते तिथं जाऊन उतरायचं. तरुणपणी कधी रजा नाही, कधी आमच्या निनादची दहावी, कधी सासूबाईंचं आजारपण. मग ठरलं, निवृत्तीनंतर. निवृत्तीनंतर काय झालं ते सांगितलंच.

ह्यांचा एक जुना विद्यार्थी, प्रताप भिलारे, आता स्वतःचं वर्कशॉप आहे त्याचं. तो दर हिवाळ्यात दहा-बारा जणांना घेऊन सायकलनं लांब जायचा. त्या वर्षी नेमकी कन्याकुमारी ठरली होती. ह्यांनी त्याला घरी बोलावलं आणि त्याच्यासमोर गल्लीत चक्कर मारून दाखवली. उतरवून घ्यायला मी उभी होतेच.

प्रतापच्या डोळ्यांत पाणी आलं. पण माणूस शहाणा. म्हणाला, "सर, चालवता तुम्ही आमच्यापेक्षा चांगली. पण रस्त्यात फाटक लागेल, म्हशी आडव्या येतील, लघवीला थांबायचं असेल. आमचा टेम्पो कधी दहा किलोमीटर पुढं, कधी मागं. तुमच्यासोबत कायम एक जोडीदार पाहिजे. सायकलवर. तुमच्या आधी उतरून तुम्हाला धरणारा."

"तू धर की."

"मी धरीन सर. कुणीही धरील."

 प्रताप गेल्यावर हे मला म्हणाले, "पोरांच्या मिठीत पडू का रोज दहा वेळा? ज्यांना कान धरून उभं केलं त्यांच्या?" आणि मग माझ्याकडं बघत राहिले.

"माझ्याकडं काय बघताय? मी सत्तावन्न वर्षांची आहे."

"कोरेगावात शाळेला सायकलनं जायचीस म्हणून सांगितलं होतंस."

"कैची मारून! नळीखालून पाय घालून! वडिलांच्या सायकलवर!"

"म्हणजे तोल येतो," हे म्हणाले. "बाकीचं मी शिकवतो."

हो-नाही करत चार दिवस घालवले. निनाद बंगळूरहून फोनवर ओरडला, "आई, बाबांना कळत नाही, निदान तुला तरी कळायला हवं." त्याचं चुकलं नव्हतं. पण वर्षभरात ह्या माणसाच्या हातून एकेक गोष्ट सुटताना मी बघितली होती. आधी दाढीचं पातं गेलं, मग शर्टाची बटणं, मग बँकेतली सही जुळेना झाली, मग चहाची बशी. प्रत्येक वेळी मीच पुढं होऊन म्हणत होते, राहू द्या, मी करते. एक तरी गोष्ट परत येत होती. तिला नाही कुठल्या तोंडानं म्हणू? पाचव्या दिवशी प्रतापनं माझ्यासाठी गिअरची सायकल आणून ठेवली.

आणि मग माझ्या अंगाचे हाल सुरू झाले.

पहिले आठ दिवस बसायची जागा अशी काही दुखत होती की मी देवपूजासुद्धा उभ्यानं केली. प्रतापनं गादी शिवलेली चड्डी दिली होती. ती मी सलवारीच्या आत घालायची आणि मोहितेवहिनींसमोरून जाताना ओढणी मागं घ्यायची. हे मात्र कट्ट्यावर बसून निदेशक झाले होते. पुन्हा तोच वर्गातला आवाज.

"सीट वर घे. पाय खाली गेला की जवळजवळ सरळ व्हायला पाहिजे. वाकडा राहिला तर गुडघा जाईल."

"हँडल आवळू नकोस. पळून जाणार नाही ते. कोपर सैल सोड."

"जड गिअरवर रेटायचं नाही. हलका टाक आणि भरभर मार. ताकद सगळेच लावतात, लांब जाणाऱ्यानं ती वाचवायची असते."

"तहान लागायच्या आधी प्यायचं. भूक लागायच्या आधी खायचं. लागल्यावर उशीर झालेला असतो."

घरातलं खाणं बदललं. सकाळी नाचणीची आंबील, खिशात खजूर आणि शेंगदाण्याचे लाडू, बाटलीत लिंबू-मीठ-साखर. संध्याकाळी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, खुर्ची धरून उठाबशा काढायच्या. मी चुकले की हे म्हणायचे, "काळंगे बाई, पुन्हा." लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी मी कधी ह्यांची विद्यार्थिनी झाले नव्हते. विद्यार्थ्यांशी किती प्रेमानं बोलतात ते मला तेव्हा कळलं. घरात एवढं कधी बोलले नव्हते.

खरं सांगते, महिनाभरानं मला ते सगळं आवडायला लागलं. कोरेगावच्या रस्त्यानं पहाटे सायकल सोडली की वारा कानांत घुसायचा आणि मी कुणाची बायको, कुणाची आई हे विसरून जायची. मांड्या घट्ट झाल्या. जिना चढताना धाप लागायची ती गेली. वाईपर्यंत जाऊन परत आलो त्या दिवशी मी संध्याकाळी उभी राहून पुरणपोळ्या केल्या. सत्तावन्नाव्या वर्षी मला शरीर मिळालं होतं, आधी कुणी दिलंच नव्हतं तसं.

सपाटीला आम्ही बरोबर चालायचो, तिथं अडचण नव्हती. अडचण चढाची होती. चढाला प्रत्येकाची चाल वेगळी. हे चढाचे जुने पटाईत, सरसर पुढं जायचे. आणि नियम असा की जोडीदार आधी पोचला पाहिजे, म्हणजे उतरवून घेता येईल. म्हणून आमची खरी शाळा होती यवतेश्वरचा घाट. समर्थ मंदिरापासून चढ सुरू होतो आणि वर देवळाच्या फाट्यापर्यंत सोडत नाही. पहाटे गाड्या कमी. काय व्हायचं, हे वर आधी पोचायचे. पण पोचून करणार काय? उतरता येत नाही! मग फाट्यावरच्या मोकळ्या जागेत गोल गोल फिरत राहायचे, मी धापा टाकत येईपर्यंत. मी यायची, सायकल टाकायची, पळत जाऊन ह्यांना धरायची. तिथल्या चहावाल्या मावशी पदराला तोंड पुसत हसायच्या.

"आज किती फेऱ्या झाल्या?" मी विचारायची.

"मोजायच्या सोडल्या. चक्कर आली मला," पहिल्या दिवशी हे म्हणाले होते.

मग फेऱ्या कमी व्हायला लागल्या. वीस झाल्या, पंधरावर आल्या. दिवाळी झाली तेव्हा दहाच्या आत. हे घरी येऊन फोनवर निनादला सांगायचे, "तुझी आई मला गाठणार बघ. काय तयार झालीय!" मी शेजारी उभी राहून नववधूसारखी लाजायची. एकेक फेरी कमी झाली की आम्ही दोघं वर कांदाभजी खायचो. डॉक्टरांनी तेलकट नको म्हटलं होतं, पण आनंद कोरडा कसा साजरा करायचा?

निघायला दोन आठवडे राहिले होते, त्या दिवशीची गोष्ट. धुकं होतं. आम्ही नेहमीच्या वेळी समर्थ मंदिरापासून बरोबर निघालो. पहिल्या वळणाला हे नेहमीसारखे पुढं गेले नाहीत. दुसऱ्या वळणाला माझ्या शेजारी होते. तिसऱ्या वळणाला मी मागं बघितलं तर हे मागं. मला वाटलं खोडी काढतायत.

"येऊ का पुढं?" मी ओरडले.

"जा! थांबू नकोस!"

मी गेले. हलका गिअर, कोपर सैल, श्वास पोटातून. शिकवलेलं सगळं करत गेले. दगडी मोरीपाशी बामणोलीची एसटी मला मागं टाकून वर गेली, कंडक्टरनं हात केला. ती रोज तिथंच मला गाठायची. शेवटचा चढ आला. त्यावर मी एरवी दात-ओठ खायची. त्या दिवशी गाणं गुणगुणत चढले. फाट्यावर आले, सायकल स्टँडला लावली, टाकली नाही. मावशी म्हणाल्या, "आगं बया! आज तुमी म्होरं?"

"आज मी पुढं!" मी म्हटलं. माझ्या आनंदाला पारावार राहिला नव्हता. शाळेत कधी पहिली आले नव्हते. मी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिले, हे येतील आणि मी ह्यांना अलगद उतरवून घेईन, जसं प्रतापनं सांगितलं होतं तसं.

हे आले नाहीत.

हात खाली घेतले. पाणी प्यायले. मावशींनी चहा गाळला. तरी नाहीत. मी वळणापर्यंत चालत गेले आणि खाली बघितलं.

धुक्यातून हे येत होते. सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जात होती. मान खाली. डावा पाय पॅडल मारत होता, उजवा नुसता सोबत फिरत होता. एक म्हातारा गुराखी दोन शेळ्या घेऊन चालत वर येत होता, तो ह्यांच्या पुढं निघून गेला. चालणारा माणूस.

आणि मला ती एसटी आठवली. दिवाळीच्या आधी ती मला दगडी मोरीपाशी गाठायची. आजही तिथंच गाठलं होतं. सुरुवातीला मी सुधारले ते खरं, पण महिना-दीड महिना माझी चाल तीच होती, एक मोरी इकडंतिकडं नाही. मग फेऱ्या कशा कमी झाल्या होत्या? मी वर चढत नव्हते. हे खाली येत होते. आम्ही दोघांनी त्याच्यावर कांदाभजी खाल्ली होती.

 रडायला वेळ नव्हता. हे वळणावर आले. मी पळत जाऊन धरलं. सगळं अंग माझ्यावर पडलं. घामानं ओलं, थरथरणारं, किती हलकं झालेलं. आणि कानाशी आवाज आला, "जमलं की गं! जमलं तुला!"

"जमलं," मी म्हटलं.

"काळंगे बाई, पास." हे धापा टाकत हसत होते. डोळ्यांत पाणी होतं. "प्रतापला सांग, जोडीदार तयार झाला."

चहाचा पेला मी ह्यांच्या ओठांशी धरला. हे बराच वेळ खाली सातारा बघत बसले. धुक्यात काही दिसत नव्हतं तरी बघत होते. मी विचारलं, "बरं वाटतंय ना?" तर म्हणाले, "आज थंडी जास्त आहे. पाय आखडले."

"हो, थंडी आहेच," मी म्हटलं.

उतरताना मी मुद्दाम मागं राहिले. दुसऱ्या वळणावर ह्यांची बोटं ब्रेकवर वेळेत मिटली नाहीत. सायकल कठड्याला घासत गेली. कठड्यापलीकडं काय आहे ते साताऱ्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. हे बाहेर गेले नाहीत, एवढंच. 

रविवारी प्रतापच्या घरी सगळे जमणार होते. परतीची रेल्वेची तिकिटं काढायची, नावं पक्की करायची. मधले तीन दिवस मी घरात फिरत होते आणि तोंडाशी एकच वाक्य येत होतं: अहो, तुमच्यानं होणार नाही आता. म्हणायचं ठरवून चहा घेऊन जायची आणि परत यायची. दाढी मी काढून घेतली, बटणं मी काढून घेतली, आता हेही मीच घ्यायचं का? आणि ते वाक्य बोललेच नाही तर काय होणार होतं तेही दिसत होतं. कुठल्याशा घाटात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोरं सरांना उचलून टेम्पोत घालणार. जिवंत उचललं तर नशीब.

प्रतापच्या घरी पोहे होते. सात-आठ जण सतरंजीवर बसलेले, ह्यांना खुर्ची दिली होती. सगळे सर, सर करत होते. एकानं ह्यांच्या सायकलला नवीन टायर आणला होता, भेट म्हणून. हे तो टायर अंगठ्यानं दाबून बघत होते. प्रताप माझ्याकडं वळून म्हणाला, "मग काकू? तुमची दोघांची तिकिटं काढायची ना?"

मी बशी खाली ठेवली. "माझं नाव घालू नको, प्रताप."

"का?"

"गुडघे," मी म्हटलं. "घाट चढले की रात्रभर ठणकतात. सांगितलं नाही कुणाला. वाटलं जातील. पण आता सूज येतेय. माझ्यानं नाही होणार रे."

 मी खाली बघत होते, पण हे माझ्याकडं बघतायत ते मला कळत होतं. ह्यांना माझे गुडघे माहीत होते. रोज भिंतीशी उभं राहून ह्यांनीच ते सरळ करून घेतले होते. चार दिवसांपूर्वी मी घाट गुणगुणत चढले होते. ह्यांनी नुसतं म्हणायचं होतं, अगं काय खोटं बोलतेस, की सगळं संपलं असतं. मग मला खरं सांगावं लागलं असतं, त्या पोरांसमोर.

टायरवरचा अंगठा थांबला होता. मग हे एकदम मोठ्यानं हसले.

"मी म्हणतच होतो!" हे म्हणाले. "हिला म्हटलं होतं, वयाप्रमाणं राहा. पण बाईसाहेबांना हौस! तीन महिने आंबील प्याली म्हणून काय गुडघे सोळा वर्षांचे होतात?"

पोरं हसली. मीही हसले. एवढा राग आला मला त्या क्षणी ह्यांचा, आणि तेवढीच माया आली.

"पण सर, तुम्ही?" प्रतापनं विचारलं. "आम्ही आहोत की धरायला."

"बायको घरी गुडघे धरून बसणार आणि मी कन्याकुमारी बघत हिंडू? लोक काय म्हणतील?" हे म्हणाले. "तुम्ही जा रे. पुढच्या वर्षी हिचे गुडघे बरे झाले की बघू."

तो टायर ह्यांनी प्रतापला परत दिला. म्हणाले, "तुझ्या सायकलला घाल. चांगला आहे, घाटात धरेल."

झालं. त्या दिवसापासून माझे गुडघे दुखायला लागले. दुखायलाच हवे होते. मंडईत जाताना मी उजव्या पायानं जरा लंगडत जायची. मोहितेवहिनींनी निर्गुडीचा पाला आणून दिला, शेक घ्यायला सांगितला. कुणी जिन्यात भेटलं तर मी कठडा धरून चढायची. माझी सायकल प्रतापची पुतणी घेऊन गेली. ती गल्लीतून वळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते. ह्या मांड्या, हा दम, हे तीन महिन्यांत कमावलेलं अंग आता कुणाला दाखवायचं नव्हतं. पहाटे जाग यायची, पाय चालायला आसुसलेले असायचे, आणि मी पडून राहायची.

पोरं कन्याकुमारीला पोचली तेव्हा त्यांनी फोन केला. समुद्राचा आवाज ऐकवला. हे फोन कानाला धरून कितीतरी वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "छान. छान आहे," आणि फोन माझ्याकडं दिला. त्या उन्हाळ्यात ह्यांना सायकलवर बसवणंही थांबलं. मग खुर्ची आली. मग पलंग.

ह्यांना जाऊन आता सहा वर्षं होतील. तेराव्याला प्रताप आला होता, माझ्याजवळ बसून म्हणाला, "काकू, वाईट नका वाटून घेऊ, पण तेव्हा तुमचे गुडघे ठीक असते तर सर नक्की पोचले असते." मी म्हटलं, "हो रे. नक्की पोचले असते." पोराचा त्यात काही दोष नव्हता. मला जे हवं होतं तेच तो बोलला. तरी त्याला चहा देऊन मी मागच्या दारी गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

ह्यांना सगळं ठाऊक होतं, असं मला तेव्हाच वाटलं होतं, पण नक्की कळलं ते खुर्चीच्या दिवसांत. ते कसं, तेवढं सांगते.

रोज संध्याकाळी हे मला समोर बसवायचे आणि तिळाचं तेल कोमट करून आणायला सांगायचे. माझ्या गुडघ्याला चोळायला. मी नको नको म्हणायची. पण म्हणून चालायचं नाही, दुखत होते ना! मी स्टुलावर पाय ठेवायची आणि हे वाकून चोळायचे. हात थरथरायचा. "बघ, मालीश आपोआप होते. हात हलवावा लागत नाही," म्हणायचे. दिवसभरात तेवढंच एक काम ह्यांच्या हाताला उरलं होतं, म्हणून मी चोळून घ्यायची.

एका संध्याकाळी निनादचा फोन येऊन गेला होता. नातीला गोवर आला होता, माझं डोकं तिकडं. मी येऊन बसले आणि पाय स्टुलावर ठेवला. ह्यांनी तळव्यावर तेल घेतलं, हात पुढं केला आणि थांबले.

"इंदू."

"काय?"

"काल उजवा होता."

मी खाली बघितलं. डावा पाय होता. एवढे महिने मी एकदाही चुकले नव्हते. कानशिलं तापली.  ह्यांच्या चेहऱ्यावरच्या शिरा आजारानं बधिर झाल्या होत्या, हसू आलं तरी दिसत नसे, रडू आलं तरी दिसत नसे. फक्त डोळे होते. ते माझ्याकडं बघत होते, प्रतापच्या घरी बघत होते तसेच असणार, तेव्हा मी मान वर केली नव्हती.

"आज डावा दुखतोय," मी कसंबसं म्हटलं.

"आणि उजवा?"

"उजवापण."

बोटांमधून तेल फरशीवर ठिबकत होतं. ह्यांनी दुसऱ्या हातानं स्टूल बाजूला सारायचा प्रयत्न केला, तो सरकला नाही, मग मीच सारला.

"बरं," हे म्हणाले. "मग दोन्ही दे इकडं."

नवऱ्याला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्यांतली मी. मी दोन्ही पाय ह्यांच्या मांडीवर ठेवले.